मामाने ऐकलेला शब्द

माझा मामा दुभाष्या, तोही फोनवरचा. चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात पाठीला पाठ लावून टेबलं, मधे फोमच्या आडभिंती आणि प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. इस्पितळातून, कोर्टातून, शाळांतून फोन यायचे. तिकडे समोरासमोर बसलेली दोन माणसं बोलायची आणि त्यांचं बोलणं मामाच्या तोंडून इकडचं तिकडे व्हायचं. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं. पोलिश त्याची पक्की, रशियन कामापुरती, जर्मन आणि स्पॅनिश हौसेखातर.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा त्याला भारी नाद. घरी पाहुणे आले की मामा सुरू. "जर्मन माणसाला गिफ्ट देतो म्हणू नका, त्याच्या भाषेत गिफ्ट म्हणजे विष!" मग ती स्पेनला गेलेली इंग्रज पाहुणी, जिला 'मला लाज वाटते' म्हणायचं होतं, पण 'एम्बॅरस्ड'सारखा वाटणारा स्पॅनिश शब्द वापरून तिने भर जेवणात आपण गरोदर असल्याचं जाहीर केलं. आणि 'चेर्स्त्वी' पाव, चेकमध्ये ताजा, पोलिशमध्ये शिळा. मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "झाला का शिळा पाव? आता ताजं जेवायला या!" आपल्याकडे शिक्षा म्हटलं की छडी आठवते आणि हिंदीवाल्याला शाळा, हेही मला मामानेच पहिल्यांदा दाखवलं होतं. आम्ही हसून हसून लोळायचो.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास इस्पितळातून फोन आला. एका म्हाताऱ्याला ऑपरेशनला न्यायचं होतं. लाकडाच्या वखारीत जन्म काढलेला माणूस, कागदावर भाषा लिहिलेली पोलिश. सोबत मुलगी. ती आईकडे वाढलेली, तिला इथलीच भाषा यायची. बापाशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

सिस्टर म्हणाली, "पाच मिनिटं आहेत. त्यांना मुलीशी बोलायचंय."

म्हातारा बोलू लागला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दात काढून ठेवलेले. बोलणं पोलिशच, पण गावंढळ, मधूनच शब्द वेडेवाकडे. दातांमुळे असेल असं मामाला वाटलं. मुलगी सहा वर्षांची असताना तो तिला आईच्या दारात सोडून गेला, तो दिवस तो सांगत होता. तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला होता, त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली होती. मामा वाक्यामागून वाक्य पोचवत होता. मग म्हातारा थांबला, धाप लागली, आणि म्हणाला, "तो दिवस... झापोम्नी."

मामाने सांगितलं, "ते म्हणतायत, तो दिवस विसर."

मुलगी म्हणाली, "बरं. त्यांना सांगा, विसरते."

मामाने तेही पोचवलं. म्हातारा काहीतरी पुटपुटला, पण तोवर पलंगाची चाकं वाजायला लागली होती. ऑपरेशनमधून तो उठला नाही.

गुरुवारी त्याच इस्पितळातून पुन्हा फोन. मयताचं सामान कुणाकडे द्यायचं म्हणून त्याच्या भावाशी बोलायचं होतं. लांबच्या गावाहून भाऊ लाइनवर आला आणि अस्सल रशियनमध्ये बोलू लागला. काम संपल्यावर मामाने न राहवून विचारलं, "तुम्ही घरी कोणती भाषा बोलायचा?"

"ही. दुसरी कुठली? पोलिश तो वखारीत शिकला, तिशी उलटल्यावर."

मामाने हेडफोन काढून ठेवला. झापोम्नी म्हणजे पोलिशमध्ये विसर. रशियनमध्ये त्याच आवाजाचा अर्थ लक्षात ठेव.

तो सुपरवायझरबाईंकडे गेला. बाई भल्या, पण नियमाच्या पक्क्या.

"रेकॉर्डिंग आहे का?" मामाने विचारलं.

"इस्पितळाचे फोन आपण रेकॉर्ड करत नाही, तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही चुकलात असं तुम्हाला खात्रीने सांगता येईल?"

"नाही."

"बरोबर होतात असं?"

"तेही नाही."

"मग मी तिला काय कळवू?"

तिला सगळं सांगायचंच, असा मामाने हट्ट धरला. चार दिवसांनी बाईंनीच कुठून कुठून परवानगी काढली, इस्पितळाने मुलीला निरोप दिला, आणि तिने ऑफिसात फोन केला. मामाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही.

ती म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना त्यांना? तुमच्या कानाला काय वाटलं?"

"त्या वेळी विसर वाटलं."

"आणि आता?"

"आता मी तो आवाज रोज आठवतो. रोज वेगळा ऐकू येतो."

"त्यांचं सामान मी घेतलंच नाही हो," ती म्हणाली. "विसर म्हणाले होते ना, म्हणून. सिस्टरने पिशवी पुढे केली तर म्हटलं, नको. काकांकडे गेलं सगळं." आणि मग, "मी त्यांना विसरते म्हटलं. त्यांना काय वाटलं असेल?"

हे मात्र मामाच्या मनात आलंच नव्हतं. तिचं उत्तर त्याने चोख पोलिशमध्ये, त्याच शब्दाने पोचवलं होतं. बापाने ते कसं ऐकलं असेल? आणि चाकांच्या आवाजात तो काय पुटपुटला?

"माहीत नाही," मामा म्हणाला. दुसरं काय म्हणणार. तिने फोन ठेवला. आभार मानून ठेवला, हे मामाला जास्त लागलं.

आम्ही आपल्या परीने समजूत घातली. तुझी काय चूक, कागदावरच पोलिश लिहिलं होतं, म्हातारा दोन्ही भाषांची खिचडी करत होता. मामी एकदा चिडून म्हणाली, "अहो, तुम्ही काय देव आहात का, त्याच्या मनातलं ओळखायला?" मामा मान डोलवायचा. पण फोनवर तो प्रत्येक वाक्याला "पुन्हा सांगा" म्हणू लागला. डॉक्टर कंटाळले, तक्रारी आल्या, आणि बाईंनी त्याला लेखी विभागात बसवलं. आता तो वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करतो.

त्या मुलीने काकांकडून पिशवी मागवली की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. चौकशी करायला मामाला परवानगी नव्हती. परवा माझ्या लेकीने शाळेसाठी मामाला असे गमतीचे शब्द विचारले. मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आईला विचार," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिला सगळे पाठ आहेत."