आजोबांनी न वाचलेला पाठ

मागच्या हिवाळ्यात काही आठवडे मी प्रार्थनेला नुसती बसत होते. रोज संध्याकाळी घरात सगळे एकत्र जमायचे, आजोबा प्रार्थना करायचे, आणि शेवटी मीही सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणायचे. पण मनात त्यांच्याच शब्दांविषयी संशय उभा राहायचा. हे कोणाला सांगावं, तर माझा स्वभाव असा की कॉलेजात हजेरीला उत्तर देतानाही आवाज फुटत नाही. म्हणून आता, सगळं निवळल्यावर, लिहून काढते आहे.

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांचा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला. सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये ते पंच होते, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, आणि दर रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ तेच वाचत. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण ते कोणाची भीड ठेवत नसत. दोन वर्षांपूर्वी साळवे मास्तरांना कमी ऐकू येऊ लागलं. मास्तरही पंच होते, सभेचं टिपण तेच लिहीत. सभेत एक बोललं जाई आणि टिपणात भलतंच उतरे. सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण बोलणार कोण? शेवटी आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, की ज्याच्याने काम होत नाही त्याने जागा सोडावी, देवाच्या घरात नुसतं नाव लावून बसू नये. मास्तर त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी त्याच दिवशी पंचपद सोडलं आणि त्यानंतर ते शेवटच्या बाकावर बसू लागले. दोघांमधलं बोलणं ‘सलाम’पुरतं उरलं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी मी बोलते, पण छापील मराठी मोठ्याने वाचायची वेळ आली की चालता चालता ठेचा लागाव्यात तसं होतं. गेल्या दिवाळीपासून आजोबा दर शनिवारी दुपारी मला समोर बसवून दुसऱ्या दिवशीचा पाठ वाचायला लावू लागले. एकदा, दोनदा, तीनदा. ते डोळे मिटून ऐकत. मी कंटाळले की म्हणत, “तुले मराठी वाचता आलं पाहिजे वं. वाच पुन्हा.” ही शिकवणी माझ्यासाठी आहे असंच मी धरून चालले होते.

त्या दिवसांत आमच्या चर्चच्या छपराची दुरुस्ती चालली होती, म्हणून पाळकसाहेब जुन्या करारातल्या तटबंदीच्या दुरुस्तीवर ओळीने उपदेश देत होते. एका शनिवारी वाट्याला आली ती नुसती नावांची यादी. कोणत्या वेशीपाशी कोणी डागडुजी केली, त्याचा बाप कोण, त्याच्या शेजारी कोण. आमच्या घरच्या बायबलची दोन पानं चिकटलेली होती आणि मी यादीच्या मधूनच पुढच्या पानावर उडी मारली. नावं इतकी अवघड की माझ्या ते लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी सवयीने बाकावरचं बायबल उघडून ओळीवर नजर ठेवली होती. आजोबा मधली बरीच नावं गाळून पुढे गेले. घरी येऊन पानं पाहिली तेव्हा कळलं, मीही नेमकी तीच उडी मारली होती, त्याच नावावरून त्याच नावावर. चर्चचं पुस्तक वेगळं, मोठ्या अक्षरांचं, त्याची पानं कुठेच चिकटलेली नव्हती. आजोबांचं बोट मात्र ओळीओळीवरून शांतपणे सरकत होतं. मंडळीत कोणालाच काही कळलं नाही. ती नावं कोणाला पाठ असणार?

पुढच्या शनिवारी मी एक वचन मुद्दाम गाळलं. असं करायला नको होतं. पण केलं, आणि रविवारी आजोबांनीही ते वचन म्हटलं नाही.

म्हणजे त्यांना दिसत नव्हतं. माझ्याकडून ऐकलेलं ते तसंच्या तसं म्हणून दाखवत होते. त्यांच्या स्मरणशक्तीचं मला कौतुकही वाटलं असतं, पण ते सरकणारं बोट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मास्तरांना ज्यांनी जागेवरून उठवलं, तेच आता देवाच्या घरात वाचल्याचं सोंग करत होते. आणि मी तरी कोण होते? एका म्हाताऱ्या माणसाला मी सापळा लावला होता. मग घरात माझी नजर त्यांच्यावरच राहू लागली. बशी ते चाचपून घेत. दारात कोणी आलं की त्याने बोलण्याची वाट पाहत आणि मगच नाव घेऊन हाक मारत. मी आईलाही काही बोलले नाही.

मंडळीची वार्षिक सभा जवळ आली होती. त्या दिवशी पंच पुन्हा नेमले जाणार होते आणि आजोबांचं नाव पहिलं होतं. हे लपवून ते पुन्हा पंच झाले असते, तर त्या जागेवरून सांगितलेल्या कोणत्याच गोष्टीवर माझा विश्वास बसला नसता. आणि मी तोंड उघडलं असतं, तर त्यांनी मास्तरांचं जे केलं तेच मी त्यांचं केलं असतं. सभेच्या आदल्या दिवशी मी एवढंच म्हणू शकले, ‘प्रभू, तूच काय ते कर. मला बोलायला लावू नकोस.’ त्यात विश्वासापेक्षा भीतीच जास्त होती.

सभेच्या रविवारी आमचे पाळक बाहेरगावी होते. त्यांच्याऐवजी मौद्याकडच्या एका खेड्यातले पाळक आले. ठेंगणे, पांढऱ्या केसांचे, अंगात रंग उडालेला स्वेटर. आम्ही त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, “सलाम, मंडळी. सकाळी मौद्याहून एसटीत बसलो अन् माहा चष्मा गाडीतच राहून गेला. गाडी गेली पुढं. आता मले पुस्तकात फक्त काळं अन् पांढरं दिसून राहिलं. उपदेश लिहून आणला होता, तोही वाचता येत नाही. तर आज आपण हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेऊ. ते तरी मले तोंडपाठ आहे.” मंडळी हसली. तेही मनमोकळे हसले. मग आजोबांकडे वळून म्हणाले, “भाऊ, तेवढा पाठ तुम्ही वाचा.”

आदल्या दिवशी मी दुसराच पाठ वाचून दाखवला होता. पण ही गोष्ट आजोबांना झोपेतही म्हणता आली असती. आज तर त्यांना कोणीच पकडू शकलं नसतं. ते पुढे गेले, पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं. मग त्यांनी बोट उचललं.

“हा पाठ मला तोंडपाठ आहे,” ते म्हणाले. “पण वाचता येत नाही. दिवाळीपासून मला अक्षर दिसत नाही. नातीकडून ऐकायचं आणि इथे येऊन बोट फिरवायचं, असं मी दर रविवारी करत आलो. पाहुण्यांनी जे हसत सांगितलं, ते मला इतके दिवस सांगवलं नाही. मास्तर, तुम्हाला मी उठवलं आणि स्वतः बसून राहिलो. मला माफ करा.”

मागच्या बाकावरून मास्तरांचा मोठा आवाज आला, “काय म्हणून राहिला गा तो?”

शेजारच्याने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, “त्यायले दिसत नाही म्हणतात.”

“हात्तिच्या. ते मले कधीचं माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “मी सलाम केला का हा भिंतीकडं पाहून सलाम करते. ये गा, इकडं बस. मले ऐकू येत नाही, तुले दिसत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो.”

पाहुणे पाळक स्वतः आजोबांना शेवटच्या बाकापर्यंत घेऊन गेले. मग पाठ कोण वाचणार म्हणून विचारलं, तेव्हा आजोबांनी माझं नाव घेतलं. मी कशी उठले, मला आठवत नाही. तीन ठिकाणी अडखळले. एका शब्दावर तर पूर्ण थांबले, तेव्हा मागून आजोबांच्या आवाजात तो शब्द आला, आणि मी पुढे गेले. सभेत आजोबांनी आपलं नाव काढून घ्यायला सांगितलं, आणि कोणी आग्रह केला नाही. ते बरंच झालं.

सायकलरिक्षात जरीपटक्याला आमच्या घरी परतताना मी त्यांना मुद्दाम गाळलेल्या वचनाविषयी सांगितलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “त्या शनिवारी तू एकदाही अडखळली नाहीस. काहीतरी केलं पोरीनं, एवढं कळलं. काय केलं ते नाही कळलं. तू विचारशील म्हणून वाट पाहत होतो. मग समजलं, तूही माह्यासारखीच भित्री.”

मग ते स्वतःविषयी बोलू लागले. म्हातारपणात एकेक गोष्ट जाणारच, हे त्यांना ठाऊक होतं म्हणे. पण आपल्या मुठीतून कोणी ओढून घेण्याची वाट पाहिली, तर मूठही दुखते आणि देणाऱ्याचा मानही राहत नाही. “आज मी आपल्या हातानं दिलं,” ते म्हणाले, “हलकं वाटून राहिलं.” त्या दुपारी ते इतके गाढ झोपले की आई दोनदा जाऊन पाहून आली.

पुढे डॉक्टरांना दाखवलं. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल, दुसऱ्याची आशा नाही, असं ते म्हणाले. तारीख मिळाली आहे. लपवलं नसतं तर कदाचित दोन्ही वाचले असते, हे आजोबांना कळतं. 

एका गरीब पाळकाचा चष्मा देवाने आमच्यासाठी एसटीत राहू दिला, असं मी म्हणणार नाही. आठवड्याने निरोप आला की कंडक्टरने तो मौद्याच्या स्टँडवर जपून ठेवला होता, तेव्हा मला किती बरं वाटलं. पण महिनोन् महिने सगळं ठाऊक असूनही ज्यांनी एक अक्षर काढलं नाही, त्या मास्तरांचं काय? त्यांचं मौन आणि माझं मौन वरून सारखंच दिसत होतं. माझ्यात भीती होती, त्यांच्यात माया होती, आणि ती मात्र देवाकडचीच.

मी देवाकडे फक्त माझी सुटका मागितली होती. त्याने आधी आजोबांना सोडवलं, आणि मग त्यांच्याच तोंडून माझं नाव घेऊन मला बोलायला लावलं. मी मागितलं त्याच्या अगदी उलट. तरी आज त्याचे आभार मानताना, माझं मागणं त्याने ऐकलं नाही असं मला एकदाही वाटत नाही.