दोन तासांची टाकी

फळांचा रस काढणाऱ्या त्या कारखान्यात साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणणारं एकच माणूस होतं, आणि तेही सांडपाण्याच्या टाकीपाशी. सगळे तिला मावशी म्हणायचे. साली, चोथा आणि धुण्याचं पाणी यांत बावीस वर्षं घालवून तिची बोटं तपकिरी झाली होती. तोंडाचा पट्टा मात्र पहिल्यासारखाच चालू होता.

टाकीत लोखंडाचा लेप दिलेले दाणे होते. वरून पेरॉक्साइडचं औषध सोडलं की या दाण्यांमुळे ते जोर धरायचं आणि पाण्यातली घाण फोडत जायचं. रंग उडायला पंधरा मिनिटं पुरायची. घाण फुटायला दोन तास लागायचे. इथेच भलेभले फसतात.

मावशीही फसली होती. गेल्या हंगामात पाणी नितळ दिसलं, साहेब म्हणाले सोडा, हिनं सोडलं. ओढ्यात मासे उलटे झाले. ओढ्याकाठची विहीर तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची. ताई चार महिने बोलली नाही, बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुला तरी कळायला हवं होतं." ते मावशीच्या जिव्हारी लागलं.

आज टाकी भरलेली, ती रिकामी झाल्याशिवाय नवी फळं धुता येईनात, म्हणून दाराशी फळांच्या गाड्या अडल्या होत्या. साहेब तरातरा आले.

"मावशी, व्हॉल्व्ह उघडा. पाणी कसं आरशासारखं झालंय!"

"आरसा तोंड बघायला ठीक आहे, साहेब." तिनं तपासणीची पट्टी बुडवून वर धरली. पट्टी गडद निळी झाली. "औषध अजून पाण्यात आहे, म्हणजे घाण पुरती फुटलेली नाही. अजून पन्नास मिनिटं."

"कारखाना तुम्ही चालवता की मी?"

"कारखाना तुम्हीच चालवा. टाकी मी चालवते."

मागे फिटर खाली मान घालून हसला. साहेबांचा पारा चढला.

"व्हॉल्व्हच्या कुलपाची किल्ली द्या इकडे!"

"देते की. आधी या वहीत लिहा, 'अर्धवट साफ झालेलं पाणी ओढ्यात सोडायला मी सांगितलं.' खाली सही करा."

साहेबांनी पेन काढलं, वहीकडे पाहिलं आणि पेन परत खिशात घातलं.

"उद्यापासून कामावर येऊ नका!"

मावशीच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं. तरी तिनं किल्ली कमरेला घट्ट खोचली, स्टूल ओढून व्हॉल्व्हच्या चाकासमोर टाकलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"उद्याचं उद्या बघू, साहेब. आज माझी ड्युटी सहापर्यंत आहे."