पारीबाईचा नियम

सरकारी कागदांवर माझा तसा राग नाही, पण कागदानेही थोडी लाज ठेवावी. सप्टेंबरात, गणपती जाऊन घर जरा कुठे शांत होतंय तोवर, 'वाडीची माहिती' नावाचं सहा पानी पत्रक शाळेत येऊन पडलं. घरं किती, नळ किती, शेतमजुरी कितीजण करतात, दिवाळीनंतर किती कुटुंबं वीटभट्टीवर जातात, शाळाबाह्य मुलं किती. मी कोलाडजवळच्या एका कातकरवाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका. नाव निशिगंधा, माहेर हमरापूर, राहायला अष्टमी गावात. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या आणि मी एकटी. दोन दिवस दारोदार फिरून मी रकाने भरले. घरं एकतीस, भट्टीवर जाणारी चोवीस. शाळाबाह्य मुलांसमोर ठसक्यात लिहिलं, 'निरंक'.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला. महिनाअखेरीस पट वीसच्या खाली राहिला, तर आमची शाळा हायवेपलीकडच्या गावच्या शाळेला जोडण्याचा प्रस्ताव जाणार होता. आमचा पट सतरा. त्या हायवेवरून सुसाट जाणाऱ्या गाड्या बघितल्यावर मलाच स्कूटी घेऊन पलीकडे जायला घाम फुटतो, तिथे पहिलीतलं पोर काय जाणार? शाळा गेली असती तर अर्धी मुलं घरीच बसली असती. तीन मुलं हवी होती आणि ती कुठून आणायची ते देव जाणे. दारोदार तर मी फिरलेच होते. जे लहान पोर दिसेल त्याचं वय विचारलं की एकच उत्तर, "बारका हाय अजून."

ही बातमी मी पहिल्यांदा सांगितली पारीबाईला. ती शाळेत खिचडी शिजवते. वय पन्नासच्या आसपास असेल, नक्की तिलाही माहीत नाही. पंधरा वर्षांत चार शिक्षक आले नि गेले, मी पाचवी, पण चूल तिचीच. माझ्या आधी शाळेत येते, पटांगण झाडते, तांदूळ तीन पाण्यांनी धुते. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, माझीसुद्धा. एकदा घाईत मी तशीच आत गेले, तर म्हणाली, "बाई, नियम तो नियम." शाळेचा नियम म्हणजे तिला देवाची आण. स्वतः मात्र शाळेत एक दिवस बसलेली नाही, अंगठा उठवते.

शाळा जाणार हे ऐकून ती म्हणाली, "मंग माजी पोरं जेवतील कुटं?" बस, एवढंच. पण नंतर दोन दिवस खिचडीत मीठ विसरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं जेवायला बसली होती. पायरीवर नेहमीसारखी धाकटी भावंडं आली होती. पारीबाई त्यांना आपल्या वाटणीतलं चमचा चमचा वाढते, हे मी रोज बघते आणि न बघितल्यासारखं करते. तिची नात शीतल कडेवर लहान भाऊ घेऊन उभी होती. ताटांकडे बोट करत तिने मोजलं आणि ओरडली, "आजी, सतरा झाली!"

मी चमकले. सतरापर्यंत मोजणारं पोर बारकं कसं?

"पारीबाई, शीतल किती वर्षांची गो?"

"बारकी हाय बाई. अजून हात पोचत नाय."

"कुठला हात?"

तिने खिचडीचा डाव उजव्या हातातून डाव्यात घेतला आणि उजवा हात डोक्यावरून टाकून डावा कान धरून दाखवला. "आसा कान धरता आला पायजे. मंगच पयलीत नाव घालतात. शाळेचा नियम हाय ना."

"कुणी सांगितला हा नियम?"

"गुरुजींनी. मी नाव घालायला आलेली तवा. माजा नाय पोचला, परत धाडली."

मग एकेक बाहेर आलं. दर जूनमध्ये वाडीतल्या आया पोरांना माझ्याकडे आणण्याआधी पारीबाईकडे आणत. ती स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा कान धरून बघायची. ज्याचा हात पोचला ते माझ्याकडे, नाही ते घरी. पंधरा वर्षं हे चाललेलं आणि मी वाडीभर वणवण करत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही सहा पानी! आमची मुलं अंगाने किरकोळ, हात पोचेपर्यंत कुणी सात वर्षांचं होई, कुणी आठ. तोवर काही भट्टीवर कामाला लागलेली असत.

माझं डोकं फिरलं. "अहो, असा नियमच नाही! सहा वर्षं पूर्ण झाली की नाव घालायचं. कुणाच्या कानाशी काय करायचंय आपल्याला?"

इतक्या मोठ्याने बोलायला नको होतं. पारीबाई चुलीपाशी खाली बसली. दगड डोक्यात पडावा तसा तिचा चेहरा झाला. "म्हंजे मीच धाडली परत," ती म्हणाली. नंतर तिने सगळी ताटं एकटीने घासली. मला माझीच लाज वाटली. तिने जे केलं ते शाळेवरच्या मायेपोटी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत चूल थंडच. हाक मारत वाडीत गेले, तर याच शाळेत शिकलेल्या दत्ताच्या अंगणात माणसं जमली होती आणि मधे पारीबाई.

"मी चुकलीय गो," ती सगळ्यांना सांगत होती. "हाताचा नियम नाय. तुमची पोरं मीच परत धाडली."

दत्ताची बायको वनिता म्हणाली, "काकी, तूच तर कृष्णाला जूनात माघारी लावलास!"

"व्हय. म्हनून तर न्यायला आलीय."

दत्ताने मान हलवली. "नाव घालून काय करू? दिवाळी झाली की आमी भट्टीवर. पोर कोनाकडं ठेवू?"

"माज्याकडं."

"आनि त्याला आईची आठवन आली तर?"

"तर रडंल. मंग मी खिचडी घालीन. तुला पन मीच घातली व्हती, इसरलास?"

सगळे हसले. दत्ताही हसला. वनिताने छपराच्या वाशाला अडकवलेली पिशवी काढून कृष्णाचं लसीचं कार्ड माझ्या हातात दिलं. मे महिन्यातच सहा पूर्ण. शीतल तर सातची झाली होती. दुपारपर्यंत चार कार्डं माझ्यापुढे होती आणि पट एकवीस झाला. प्रस्ताव गेला नाही. पत्रकातलं 'निरंक' खोडून मी 'चार' लिहिलं, आणि पुढे 'दाखल केली' असंही. खाडाखोड का, म्हणून साहेबांनी विचारलं. खरं ते सांगितलं.

दिवाळीनंतर भट्टीचा टेम्पो वाडीत आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या. वनिता चढली, उतरली, कृष्णाचे केस सारखे केले आणि परत चढली. शीतलचे आईबापही त्यातच होते. आधीच्या मुलांना दरवर्षीसारखे आजी-आजोबा सांभाळणार होते; नवी चारही पोरं पारीबाईला चिकटून उभी राहिली. कृष्णा थोडा रडला, मग टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर डोळे पुसून भूक लागली म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं की मी पारीबाईचा हात धरला. ती अजून रस्त्याकडेच बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "मी रोज कान धरून बगायची. तिसऱ्या वर्सी पोचला माजा हात. पन तवा मी आसल्याच टेम्पोत बसलेली. कोनाला सांगनार?"

 मग तिने हात सोडवून घेतला, म्हणाली, "चला, तांदूळ धुवायचेत," आणि चार पोरांना पुढे घालून शाळेकडे निघाली. त्या दिवशी हजेरी मी दोनदा घेतली. एकवीसच्या एकवीस हजर.