येस, कम इन म्हणेपर्यंत

आत्ताच्या आत्ता सांगते, नाहीतर राहून जाईल! आज अत्तरवाल्याने मनगटाला सेंट लावला आणि मी थेट मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आठवीत, कारण वरच्या आंटींच्या फोनच्या रिसीव्हरला हाच वास यायचा. आख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन तेवढा एकच, आणि दादा नोकरीला दुबईला गेलेला. कामावर जाताना आई रोज बजावायची, "फोन आला तर कधी येतोय एवढं विचार, आणि आंटींशी नीट इंग्लिशमध्ये बोल गं!" एका दुपारी आंटी जिन्यातून ओरडल्या, "दुबई! पळ!" मी धावत वर गेले, तर दार सताड उघडं, आंटी रिसीव्हर धरून हाताने बोलावतायत, आणि मी उंबऱ्यावर थांबून विचारते, "मे आय कम इन?" शाळेत बाईंनी तोंडाने 'येस, कम इन' म्हणायच्या आत पाऊल टाकलं की परत बाहेर, म्हणून मी उभीच! पाय नुसते नाचतायत. पुन्हा विचारलं, "मे आय प्लीज कम इन?" "अगं वेडे, आत मर ना, कट होईल!" धावले, रिसीव्हर कानाला लावला, दादा म्हणाला, "आई कुठाय?" आणि लाईन गेली. संध्याकाळी चपला काढायच्या आधीच आईने विचारलं, "कधी येतोय?" मी म्हटलं, "दिवाळीला." त्या दिवाळीत आईने त्याच्यासाठी डबाभर करंज्या केल्या आणि कुणाला हात लावू दिला नाही. तो आलाच नाही. अजूनही उघड्या दारात मी कुणीतरी 'ये' म्हणेपर्यंत उभी राहते. तुमचं कधी झालंय का हो असं?