सायकल पडल्याचा आवाज

काल संध्याकाळी आमच्या दारासमोर कुणाची तरी सायकल पडली आणि माझ्या हातातली कणकेची परात खाली गेली. साठी ओलांडलेली बाई मी... आणि सायकलीला घाबरते! सून हसली. मीही हसले, काय करणार?

पण काल ठरवलं, एकदा लिहून टाकू. ज्यांना हलकंफुलकं वाचायचंय त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. भंडारा जिल्ह्यात, वरठीजवळच्या एका खेड्यात आमचं घर. बाबा राइस मिलमध्ये कामाला होते, रोज सायकलने जायचे-यायचे. बाबा परत आले की आम्ही तोंड बघायचो नाही, कान द्यायचो. सायकल एका झटक्यात स्टँडवर लागली, की बाबा शुद्धीत. सायकल भिंतीवर आदळून खाली पडली, की पिऊन आलेत... मग पळायचं.

मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ सुधाकर सात वर्षांचा. आई फक्त डोळ्यांनी खुणवायची. मी त्याचा हात धरून मागच्या दाराने गोठ्यामागे धूम ठोकायची आणि धानाच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात आम्ही दोघं शिरायचो.

तणसाचा भुसा नाकातोंडात जातो. सुधाकरला लगेच खोकला यायचा. खोकला ऐकू आला की संपलंच... म्हणून मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची. आईचं ओरडणं थांबेपर्यंत, कधी त्याच्याही पलीकडे. आईला मारापासून आम्ही वाचवू शकलो नाही, पण बाबांचा एकही फटका मी सुधाकरला लागू दिला नाही. या एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. बाकी अभिमान बाळगावा असं आमच्या घरात होतं तरी काय?

पुढे बाबा गेले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. लग्न होऊन मी जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आले. नवरा देवमाणूस, कधी आवाज चढवला नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

चौऱ्याऐंशी साल. मुलगी आठ महिन्यांची होती. त्या दिवशी हे कॅरिअरवर तांदळाचं पोतं बांधून आले. वजनाने स्टँड घसरला आणि सायकल धाडकन भिंतीवर आदळली.

त्यानंतरचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी कपाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत अंग चोरून बसले आहे आणि हे माझा हात ओढताहेत. तो हात मुलीच्या तोंडावर होता. नाकावरही.

हात निघाला तरी ती रडली नाही. किती वेळ, देव जाणे... मग रडली. हे ओरडले नाहीत, "काय झालं?" एवढंच विचारलं.

त्या दिवसापासून मी पोरीला उचलणं सोडलं. दूध पाजायचं तर सासूबाईंनी शेजारी बसायचं, माझा उजवा हात त्यांनी धरायचा. झोप गेली, जेवण गेलं. शेजारणी म्हणाल्या बाहेरचं लागलंय, लिंबू उतरवलं. डॉक्टरांनी ताकदीचं टॉनिक दिलं. लहानपणी घरात काय होतं, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. मरून जावं, असं रोज वाटायचं.

ह्यांनी एक केलं. त्या दिवसानंतर सायकल कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी ठेवून घरी चालत यायला लागले. का, ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, दिवसांत सुधाकर आला. एकोणीस वर्षांचा. भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं होतं, पण दार लावलेल्या वर्गात बसवत नाही म्हणून दोन महिन्यांत घरी परतला होता. बोलणं तर मुळातच कमी. ऐन थंडीत खिडकी उघडी टाकून झोपायचा, पांघरूण छातीच्या वर कधी घेतलं नाही. आई म्हणायची, पोरगा आळशी निघाला.

मी त्यालाच सगळं सांगितलं. वाटलं, तणसात माझ्यासोबत हाच होता, हाच समजेल. म्हणेल, हे सगळं बाबामुळे झालं, तुझा काय दोष...

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "ताई, बाबाचा मार मले आठवत नाही. तुझा हात आठवते. अजूनही झोपीत श्वास कोंडते."

रागाने नाही म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

मला रडूसुद्धा आलं नाही. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही रे सांगितलंस? तो म्हणाला, "तूच तं म्हणायची, आवाज नको करू."

मुलगी माझ्या मांडीवर पुन्हा आली, सावकाश, दीडेक वर्षाने. सुधाकर आता साठीला टेकलाय. अजूनही खिडकी उघडी टाकून झोपतो, आणि अजूनही स्वतःहून कुणाला काही सांगत नाही. बाबांनी त्याला हातही लावला नव्हता... गप्प राहायला त्याला मी शिकवलं.