कड्यांचं वजन वजा जाता

लहानपणी माझ्या उजव्या नडगीच्या हाडात पू झाला आणि तो पाय चार सेंटिमीटर मागे राहिला. पंचविसाव्या वर्षी अमरावतीच्या डॉक्टरांनी ते हाड कापलं आणि पायाभोवती लोखंडी कडी बसवली. कड्यांमधल्या दांड्यांचे नट रोज चार वेळा पाव पाव मिलिमीटर फिरवायचे. हाडाचे तुकडे हळूहळू लांब सरकतात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. फिरवण्याचं काम बाबांनी अंगावर घेतलं. चाळीस दिवसांनी पाय बरोबरीला आला, पण एक्सरेत नवं हाड अजून धुरासारखं दिसत होतं. ते पक्कं व्हायला भार हवा. डॉक्टर म्हणाले, वजनकाट्यावर पाय ठेवून दाबा, या महिन्यात वीस किलो, त्याच्यावर जाऊ नका.

आमची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग, त्यामुळे काटा घरातच होता. आणि काट्याजवळ बाबा कुणाचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. पहिल्या दिवशी आकडा वीसवर आला, मी पाय उचलणार तोच ते म्हणाले, "थांब. हे लोखंड दोन किलो हाय. संत्री मोजताना रिकामं कॅरेट वजा करतो न आपण? मंग हे कावून नाही?"

"डॉक्टर असं नाही बोलले, बाबा."

"त्याईले काट्यातलं काय समजते?"

वर सवयीनं एक किलो कटतीही धरली. व्यापारी आमच्या मालातून कापतो, हे लेकीच्या पायातून कापत होते. मी कुरकुरले, पण दाबलं. खरं सांगते, मलाही घाई झाली होती. महिनाभर रोज तेवीस. आई दारातून आम्हा दोघांनाही वेडं म्हणायची.

महिन्यानं तपासणीला गेलो. किती भार देता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर बाबांनी मोठ्या अभिमानानं आपला हिशेब सांगितला. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"मी सांगितलेले वीस सगळं धरून होते, काका. कच्चं हाड वाकतं. वाकलं असेल तर पुन्हा ऑपरेशन."

बाबा बाकावर बसले ते उठेचनात. "माह्या हातानं पोरीचं हाड वाकलं का, डॉक्टरसाहेब?" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचीच दया आली.

आधी एक्सरे झाला. मग डॉक्टरांनी कड्यांमधले दांडे एकेक करून बदलले आणि भार मोजणारे दांडे बसवले. त्यांची वायर एका छोट्या यंत्राला जोडली. मी काट्यावर पाय ठेवून वीस किलो दाबायचं. त्यातलं लोखंडानं किती पेललं ते यंत्र सांगणार. उरलेलं हाडानं पेललं असं धरायचं. मागच्या महिन्यात याच मोजणीत वीसपैकी बारा लोखंडावर होते. मी दाबलं. यंत्रावर आकडा आला, दोन.

डॉक्टरांनी पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा दोनच.

"हाड सरळ आहे, आणि बहुतेक भार तेच पेलतंय," ते म्हणाले. "नशीब चांगलं तुमचं. पण असा हिशेब पुन्हा करू नका." बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसून घेतले.

मग डॉक्टरांनी सगळ्या दांड्यांचे नट ढिले केले. आता लोखंडाचा आधार नव्हता. हाडाच्या भरवशावर चालून दाखवायचं आणि दुखलं नाही तर आठवड्यानं कडी काढायची. एका हातात कुबडी धरून मी उभी राहिले. कंबर एका रेषेत आली होती आणि मला फार फार आनंद झाला. दारापर्यंत गेले. वळले. परत आले.

"पुरे, बसा आता," डॉक्टर म्हणाले.

मी ऐकलं नाही, पुन्हा दाराकडे निघाले. बाबा बाकावरून उठले आणि माझ्या बाजूनं चालू लागले.