मशीनबाबा, जरा सोपं करून दे!

लेथखाली लोखंडाचा कीस साठावा तसे आमच्या कॉम्प्युटर सेक्शनचे किस्से साठलेत. कितीही झाडा, खाली नवा ढीग आहेच! तेव्हा हसू कमी आणि रडू जास्त यायचं, राव.

कंपनी पिंपरीत. आमचे हेड शेखसाहेब. काळेवाडीचा कांबळे, बी.एस्सी., टेम्पररी. आकड्यांचं नव्हे, अक्षरांचं गणित, म्हणजे बीजगणित, करणारा प्रोग्राम तो लिहीत होता. होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं, "आधी परमनंट व्हा, मग हळद." त्यामुळे त्याचा जीव त्या मशीनमध्ये अडकलेला.

* * *

एकदा शेखसाहेबांनी सकाळी एक्सला तीन किंमत दिली आणि चहाला गेले. दुपारी कांबळेने एका फॉर्म्युल्याचं एक्सनुसार डेरिव्हेटिव्ह मागितलं, म्हणजे एक्स बदलला की उत्तर किती वेगाने बदलतं ते. मशीन म्हणे, तीननुसार डेरिव्हेटिव्ह कसं काढू? तीन थोडाच बदलतो?

"अरे, मी एक्स म्हटलं, एक्स!" कांबळे स्क्रीनवर ओरडत होता. मशीनने एक्स दिसला की तीन घालायचा सपाटाच लावला होता. कांबळेच्या अख्ख्या दिवसाचं वाटोळं झालं.

* * *

मग कांबळेने मशीनला दम भरला. सांगितल्याशिवाय कशाचीही किंमत काढायची नाही!

शेखसाहेबांनी कौतुकाने टाइप केलं, दोन अधिक तीन. मशीनने छापलं, दोन अधिक तीन.

"कांबळे, पाच कुठाय?"

"तुम्ही काढायला कुठं सांगितलं, साहेब?"

शेखसाहेबांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! मशीन घेतलं का सरकारी ऑफिस?"

* * *

'सोपं कर' ही आज्ञा तर आमच्या मुळावरच उठली. कंसात चार अक्षरं, वर घात बारा. एवढुसा फॉर्म्युला! मशीनने कंस फोडला आणि कागदाची घडीच्या घडी संपवली.

"हे सोपं?" मी विचारलं.

"त्याच्या मते कंस गेले की सोपं," कांबळे रडवेला झाला होता. "सोपं म्हणजे काय, हे त्याला सांगू कसं, भाऊ? मलाच धड सांगता येत नाही!"

* * *

शेवटी हेड ऑफिसचे मोठे साहेब डेमोला आले. कांबळेला परमनंट करायचं की नाही, ते त्यांच्याच हातात. स्प्रिंगचा एकच फॉर्म्युला दोन रीतींनी काढला होता, एक हाताने, एक मशीनने. एकातून दुसरा वजा केला की शून्य यायला हवं.

प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. दीड पान!

मोठ्या साहेबांनी कागद उचलला, चष्मा सावरला. "वा! दोन्हींत एवढा फरक? केवढं शोधून काढलंय मशीनने! शेख, याला परमनंट करून टाका."

शेखसाहेबांनी टेबलाखालून कांबळेच्या पायावर पाय दिला.

"साहेब," कांबळे म्हणाला, "फरक काहीच नाहीये. हे सगळं मिळून शून्य होतं. मशीनला तेवढं सोपं करता आलेलं नाही."

मोठ्या साहेबांनी कागद खाली ठेवला आणि ड्रायव्हरला बोलवायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात सेक्शन बंद झाला, कांबळेची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी शेखसाहेब गेटवर त्याच्या अंगावर ओरडले, "अरे भल्या माणसा, गप्प बसायला काय झालं होतं तुला? लग्न ठरलंय ना तुझं?"

"ठरलं होतं, साहेब," कांबळे म्हणाला. "पण ते उत्तर शून्यच होतं हो!"